शेगडीजवळची मानाची जागा

मी एक म्हातारा हिमोग्लोबिन आहे, मित्रांनो. नाव ऐकून बिचकू नका. तुमचं रक्त लाल दिसतं ते आमच्यामुळे, आणि आत्ता हे वाचताना तुम्ही जो श्वास घेताय तो छातीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवतो तोही आम्हीच. थोडक्यात, मी हमाल आहे. प्राणवायूचा हमाल. मला त्याची मुळीच लाज वाटत नाही.

माझं घर म्हणजे बू यॉन-ह्वा नावाच्या बाईचं अंग. ती जेजू बेटावर राहते आणि समुद्रात बुड्या मारून शंख-शिंपले काढते. पाठीवर टाकी नाही, तोंडात नळी नाही. एक श्वास छातीत भरायचा, तळाला जायचं, हाती लागेल ते काढायचं आणि वर यायचं. तो एकच श्वास आम्ही भाऊ पुरवून पुरवून वापरतो. आमच्या जातीच्या हमालाला याहून मोठी नोकरी सापडणार नाही.

रक्तात राहणाऱ्याला बाहेरचं कसं कळतं, असं तुम्ही विचाराल. अहो, मिनिटाला एक फेरी असते माझी. कानातून जाताना ऐकतो, डोळ्यातून जाताना बघतो, मधलं जे हुकतं ते भाऊ सांगतात. शिवाय माझ्यातलं लोखंड जुनं आहे. माझ्याआधी ते कितीतरी जणांच्या पोटात होतं, आणि लोखंडाबरोबर गोष्टीही हातोहात पुढे येतात.

मी जन्मलो तिच्या कमरेच्या हाडात, रताळी खणायच्या दिवसांत. सुरुवातीला मी म्हणजे नुसता धागा होतो, ओवलेल्या मण्यांचा. तसल्या मोकळ्या धाग्याचा काडीचा उपयोग नसतो. त्याला आपल्या जागी वळावं लागतं, दुमडावं लागतं. ज्या मण्यांना पाण्याचा तिटकारा ते आत तोंड लपवतात, ज्यांना पाणी आवडतं ते बाहेर राहतात, आणि आपसूक घडी पडते. एक मदतनीस प्रथिन तेवढं शेजारी उभं असतं, कुणी भलत्याच्या गळ्यात पडू नये म्हणून. असे चार धागे एकमेकांना बिलगले आणि मी झालो. प्रत्येक धाग्यात एक खोबण, खोबणीत एक लोखंडाचा कण, आणि त्या कणावर प्राणवायूची बैठक. लोखंडाला पाणी लागलं की गंज ठरलेला, म्हणून खोबण आतून तेलकट ठेवलेली. आमचं सगळं असं बेताचं काम असतं.

आणि ही घडी टिकते कशावर? इतक्या नाजूक धाग्यादोऱ्यांवर की त्यातला एकेक कुणी फुंकर मारली तरी सुटावा. पण हजार मिळून धरून ठेवतात. तुमच्या आईने अंडं उकडलं की पांढरं घट्ट होतं ना? ते पुन्हा कधी पातळ झालेलं पाहिलंत? तेही प्रथिनच, माझं लांबचं भावंड. उष्णतेनं त्याची घडी मोडली, आणि मोडलेली घडी पुन्हा बसली नाही.

माझ्या चार बैठकांची एक गंमत आहे. पहिला प्राणवायू येतो तो आढेवेढे घेत बसतो. तो बसला की माझं सगळं अंग जरासं सैलावतं, मग दुसरा लवकर बसतो, तिसरा-चौथा तर धावत येतात. पुढे मांडीच्या नाहीतर दंडाच्या स्नायूत पोचलो की तिथं मेहनतीची आंबट ऊब असते. ती लागली की मी पुन्हा आखडतो आणि बैठका रिकाम्या करतो. घेणं काय, कुणीही घेतं. वेळेवर सोडणं ही आमची खरी कला. स्नायूत माझा एक चुलतभाऊ राहतो, मायोग्लोबिन. एकाच धाग्याचा, एकाच बैठकीचा, पक्का घरकोंबडा. मी त्याला खूप चिडवायचो. आता चिडवत नाही. का, ते पुढे सांगतो.

आमच्या गावाच्या किनाऱ्यावर काळ्या दगडांचा एक गोल आडोसा आहे. वर छप्पर नाही. त्याला बुलतोक म्हणतात. बायका पाण्यातून निथळत येतात, मधोमध लाकडं पेटवतात, कपडे बदलतात आणि एकमेकींची उणीदुणी काढतात. कुणी कुठं बसायचं ते मात्र ठरलेलं. वारा येतो त्या बाजूची जागा सगळ्यात तरबेज बायांची, कारण तिकडं धूर जात नाही. नवशिक्या पोरी धुराच्या तोंडी. डोळे चोळायचे, खोकायचं आणि वरच्या बाया बोलतील ते मुकाट्यानं ऐकायचं. यॉन-ह्वाची तरणी वर्षं त्या धुरात गेली.

मग गावानं सिमेंटची खोली बांधली. पत्र्याचं दार, काचेची खिडकी, मधोमध कोळशाच्या वड्यांची शेगडी. भोकाभोकांची ती गोल वडी एकदा धगधगली की धूर नावाला दिसत नाही. जो काही वायू असेल तो नळीतून बाहेर जायचा, आणि नळीचं तोंड होतं उत्तरेला, समुद्राकडे. आता धूरच नाही म्हटल्यावर मानाची जागा कुठली? बायकांनी सरळ ठरवलं, शेगडीला चिकटून. बाहेरचा नेम त्यांनी आत आणला आणि उलटा करून मांडला, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

त्या जागेवर ह्यॉन सामचुन बसायची. आमच्या बेटावर गावातल्या कुठल्याही वडीलधाऱ्याला, बाई असो की बुवा, सामचुन म्हणतात. साठी उलटलेली, आवाज भसाडा, जीभ धारदार. यॉन-ह्वाला बुडी मारायला तिनंच शिकवलं होतं. पण अलीकडे तिची शंख-शिंपल्यांची जाळी हलकी राहायची आणि ते तिला फार लागायचं.

एक दिवस थंडी कडाक्याची होती. उत्तरेचा वारा इतका झोंबत होता की आदल्या दिवशीच बायकांनी खिडकीच्या फटींना कागद चिकटवले होते. ओहोटी लागायची वाट बघत सगळ्या खोलीत कोंडून बसल्या होत्या.

"यॉन-ह्वा, ऊठ तिथून. इथं येऊन बस," ह्यॉन सामचुन म्हणाली.

"सामचुन, तुमची जागा आहे ती."

"होती. आता माझा दम पिल-सूनच्या नवऱ्याच्या नोकरीइतका टिकतो."

पिल-सून शेगडीशेजारी मोजे वाळवत होती. ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याला कशाला मध्ये ओढता? तो बिचारा घरी झोपलाय."

"तेच म्हणतेय मी."

सगळ्या खो खो हसल्या. म्हातारी मात्र हसली नाही. उठली आणि दाराजवळ जाऊन बसली. ते दार कधी नीट लागत नसे, फटीतून वारा थेट तिच्या पाठीत शिरत होता. यॉन-ह्वा शेगडीजवळ बसली तेव्हा तिचं हृदय असं धडधडलं की माझी फेरी अर्ध्या वेळात झाली. इतक्या वर्षांनी तिला वरच्या बायांत घेतलं होतं. मलाही अभिमान वाटला. का वाटू नये? तिचा दम म्हणजे आम्हीच की.

त्याच बैठकीत आमच्यावर घाला आला, मित्रांनो. मी छातीत गेलो, बैठका रिकाम्या करून उभा राहिलो, आणि एक अनोळखी पाहुणा येऊन बसला. ना वास, ना रंग. उत्तरेच्या वाऱ्यानं नळीतला वायू उलटा आत ढकलला होता, आणि खिडकीच्या फटी तर सगळ्या बंद. कार्बन मोनॉक्साइड म्हणतात त्याला. हवेत असतो चिमूटभर, पण प्राणवायूपेक्षा दोनशे पट घट्ट बसतो. माझ्या चारातल्या दोन बैठका त्यानं घेतल्या. उरलेल्या दोनवर प्राणवायू बसला आणि मी दंडाकडे निघालो.

दंडात पोचलो. आंबट ऊब लागली. आखडायला गेलो तर आखडता येईना. त्या दोघा आगंतुकांनी मला सैल अवस्थेतच जखडून टाकलं होतं. माझ्याकडे दोन प्राणवायू होते आणि मला ते सोडता येत नव्हते. समोर भुकेला स्नायू उभा, माझ्याकडे घास, आणि मूठच उघडत नाही. माझी पाचावर धारण बसली. इकडं तिकडं पाहिलं तर माझ्या भावांमध्ये दर दोघातिघांमागे एकाची हीच गत झाली होती.

यॉन-ह्वानं कपाळ दाबलं.

"डोकं धरलंय गं."

"कुणाचं नाही धरत?" पिल-सून म्हणाली. "माझंही ठणकतंय. ही घे पूड."

बुडी मारणाऱ्या बायांचं डोकं रोजच दुखतं. पाण्याच्या दाबानं दुखतं, थंडीनं दुखतं. म्हणून पाण्यात जाण्याआधी डोकेदुखीची पूड फाकायची, ही इथली रोजची रीत. त्यामुळे त्या दिवशीचं डोकं निराळं आहे हे कळायला वावच नव्हता. तिनं पूड खाल्ली, वर पाणी घेतलं. मी आतून जिवाच्या आकांतानं ओरडत होतो, पण मला तोंड कुठं आहे?

ओहोटी लागली आणि सगळ्या पाण्यात उतरल्या. पहिल्या बुडीलाच मला कळलं की आज आमचं काही खरं नाही. एरवी तळाशी निवांत हिंडण्याइतका साठा असायचा. आज खाली पोचेपर्यंतच ओढ लागली. ती वर आली आणि तिनं शीळ घातली. वर आल्यावर कोंडलेला श्वास दातांतून सोडताना त्या बायांच्या तोंडून शीळ उमटते, आणि प्रत्येकीची शीळ वेगळी असते. यॉन-ह्वाची लांब आणि शेवटी वर चढणारी. आज ती आखूड होती आणि शेवटाला थरथरली.

बुड्यांच्या मधे टेकायला बाया एक तरंगता भोपळा जवळ ठेवतात, खाली जाळी टांगलेला, त्याला तिनं मिठी मारली. शेजारी ह्यॉन सामचुनचा भोपळा होता. त्याखालच्या जाळीत दोनचार शिंपल्या, बाकी पाणी. आमच्या बायांत एक चाल आहे. जिची जाळी हलकी, तिच्या जाळीत जाता जाता मूठभर टाकायचं आणि काही बोलायचं नाही. ह्यॉन सामचुननं यॉन-ह्वाच्या जाळीत असं कितीदा टाकलं होतं. आज जागाही देऊन बसली. यॉन-ह्वाच्या मनात आलं ते मला हृदयाच्या ठोक्यांवरून कळलं. एक मोठा अबलोन काढायचा आणि म्हातारीच्या जाळीत टाकायचा. अबलोन म्हणजे खडकाला चिकटून बसणारा वाडग्याएवढा शंख, सगळ्या शंखांचा राजा.

"आता पुरे कर, वारा वाढलाय," सामचुन म्हणाली.

"एकच बुडी, सामचुन."

"तुझ्या एकच बुडीला मी चांगली ओळखते."

"शेवटची. मग निघू."

ती गेली. तळाच्या कपारीत खरंच एक अबलोन होता. तिनं मनगटाला बांधलेली लोखंडी पट्टी त्याच्याखाली सारली, पण हात मंदावला होता. असल्या कामात पहिला झटका चुकला की अबलोन खडकाला आवळून धरतो, आणि पट्टी त्याच्याखाली अडकते. तसंच झालं. त्याच्या अंगातही माझा एक दूरचा सोयरा असतो, तांब्याचा, निळ्या रक्तातला. त्याचं काम माझंच, प्राणवायू वाहायचं. त्याला आपल्या धन्याचा जीव वाचवायचा होता, मला माझ्या धनिणीचा. त्याचं मी काही चुकलं म्हणत नाही.

पट्टी मनगटाला, मनगट यॉन-ह्वाला, आणि पट्टीवर सगळा खडक. दोरीची गाठ सोडायची एवढंच काम होतं. रोज तिची बोटं ते न बघता करायची. आज बोटांना प्राणवायू मिळत नव्हता, कारण तो माझ्यापाशी अडकून पडला होता. मी बोटांच्या टोकाशी जात होतो आणि देता न येणारा माल घेऊन परत येत होतो. तेव्हा तो घरकोंबडा मायोग्लोबिन, ज्याला मी उभा जन्म चिडवलं, त्यानं आपली एकुलती एक बैठक रिकामी केली. स्नायू जागा झाला. गाठ सुटता सुटता खडकाच्या धारेनं तळवा चिरला गेला, आणि ती वर निघाली. पाण्याचा पृष्ठभाग दिसू लागला असताना तिचे डोळे मिटले. मेंदूत मी होतो, माझे हजारो भाऊ होते, सगळ्यांच्या हातांत थोडाथोडा प्राणवायू होता, आणि दिवा विझला.

वर बायकांच्या शिळा चालू होत्या. ह्यॉन सामचुननं मान वळवली. एक शीळ कमी होती. तिनं भोपळा सोडला आणि बुडी मारली. आपला दम संपला असं जी स्वतःच सांगत होती, ती म्हातारी खाली गेली आणि यॉन-ह्वाला केसांना धरून वर घेऊन आली. तोंड पाण्याबाहेर धरलं आणि गालांवर सपासप चापट्या मारल्या.

"श्वास घे. घे म्हणते ना, कार्टे."

एक घुसमटलेला श्वास आत आला. मग दुसरा आला.

किनाऱ्यावर आणलं तेव्हा ती अर्धवट शुद्धीत होती. अंगाला हुडहुडी भरली होती. बायका धावल्या.

"खोलीत न्या. शेगडीशी निजवा, गारठून जाईल."

मित्रांनो, समुद्रात मी घाबरलो नव्हतो इतका इथं घाबरलो. त्या खोलीत अजून तीच वडी धगधगत होती. चार हातांनी यॉन-ह्वाला उचललं होतं आणि पत्र्याचं दार अगदी समोर आलं होतं.

मी बोलू शकत नव्हतो. पण तिच्या चिरलेल्या तळव्यातून माझे काही भाऊ बाहेर पडत होते, आणि ज्यांना तोंड नाही त्यांना रंग तरी असतो. त्यांनी तो दाखवला. ह्यॉन सामचुननं जखम बांधायला हात धरला आणि ती थबकली. रक्त लालभडक होतं. तिनं यॉन-ह्वाच्या तोंडाकडे पाहिलं. पाण्यात दम संपलेल्या बाईचे ओठ निळे पडतात, हे तिनं जन्मभर पाहिलेलं. हे ओठ लाल होते, नवरीसारखे. तेवढ्यात मागं पिल-सून दगडाला धरून ओकली.

"ठेवा तिला खाली," सामचुन म्हणाली.

"सामचुन, थंडीनं मरेल ती."

"खाली ठेवा म्हटलं. माझ्या धाकट्या बहिणीला मी अशीच पाहिली होती, शहरातल्या खोलीत, गालावर लाली घेऊन निजलेली. आम्हाला वाटलं किती गाढ झोपलीय. हे कोळशाचं आहे. हिला शेगडीपाशी मीच बसवलं, त्याच जागेवर परत निजवू?"

मग त्यांनी तिला जुन्या दगडी बुलतोकात नेलं, उघड्यावर. सगळ्यांनी आपापली घोंगडी तिच्यावर टाकली आणि वारा येतो त्या बाजूला तिला टेकवून बसवलं. एक बाई पळत जाऊन मुळ्याच्या लोणच्याचं पाणी घेऊन आली. वडीचा वायू लागला की ते पाजायचं, असं इथं घरोघरी मानतात.

"आधी शुद्धीवर येऊ दे, मग पाज," सामचुन म्हणाली. "आणि त्यानं भागणार नाही. ट्रक बोलावलाय का कुणी?"

ट्रक आला, पिल-सूनलाही त्यात चढवलं, आणि सामचुन यॉन-ह्वाचं डोकं मांडीवर घेऊन मागं उघड्यावरच बसली. शहरातल्या दवाखान्यात नाकातोंडाला नळी लावली आणि प्राणवायूचा असा लोंढा आत आला की आगंतुकांना पाय रोवता येईनात. माझा एक उठला, मग काही वेळानं दुसराही उठला. माझ्या घडीचा एकही दोरा तुटला नव्हता. मी पुन्हा आखडलो, आणि मेंदूच्या एका कोपऱ्यात जाऊन ते दोन प्राणवायू सोडले. मित्रांनो, ते सोडताना मला जे वाटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. रडू मला येत नाही, नाहीतर रडलो असतो.

यॉन-ह्वानं डोळे उघडले. पहिलं काय बोलावं?

"सामचुन, अबलोन निसटला."

"निसटू दे मेल्याला."

"तुमच्या जाळीत टाकायचा होता."

म्हातारी तोंड फिरवून बसली. पिल-सूनला शेजारच्या खाटेवर तशीच नळी लावली होती.

आता त्या खोलीची खिडकी कडाक्याच्या थंडीतही उघडी असते आणि शेगडीच्या नळीचं तोंड डोंगराकडे वळवलंय. तरी बऱ्याच बाया दगडी बुलतोकातच बसतात. यॉन-ह्वा तर मुद्दाम धुराच्या बाजूला बसते, नवशिक्या पोरींत. कुणी हसलं तर म्हणते, धूर निदान डोळ्यांत जाऊन सांगतो तरी. वाऱ्याच्या बाजूची जागा ह्यॉन सामचुनची आहे. ती नको नको म्हणत बसते, पण बसते.

माझे दिवस भरलेत. आमचं आयुष्य चारेक महिन्यांचं. मी ज्या पेशीत राहतो ती ताठर झालीय, माझेही काही दोरे सैल पडलेत. पुढच्या एखाद्या फेरीत पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, मला अडवतील आणि उकलतील. माझे मणी सुटे होतील, लोखंड तेवढं जपून हाडात परत नेतील आणि कुणा कोवळ्या धाग्याच्या खोबणीत बसवतील. त्याच्याबरोबर ही गोष्टही जाईल.

म्हणून तुम्हाला एवढंच मागतो. थंडी कितीही असू दे, शेगडी पेटवलीत तर एक फट उघडी ठेवा. तुमच्या आतही माझे भाऊ आहेत, रात्रंदिवस राबतात, कधी कुरकुरत नाहीत आणि त्यांना ओरडता येत नाही. त्यांना भलता पाहुणा देऊ नका.

आज सकाळी मी तिच्या कानाच्या पाळीतून चाललो होतो. ती नुकतीच पाण्याबाहेर आली होती. तिनं शीळ घातली, लांब, शेवटी वर चढणारी. काही अंतरावरून ह्यॉन सामचुनची भसाडी शीळ आली. तेवढी ऐकून मी छातीत गेलो, माझ्या चारही बैठका भरून घेतल्या आणि खाली निघालो.